माणसं मावतील एवढं कार्ड

"ह्यात माणसं किती मावतील, बाय?"

ग्राफिक्स कार्डाचा खोका दोन्ही हातांत धरून चाचा मला विचारायचे. आधी तो खोका कानाशी नेऊन हलवायचे, नारळात पाणी किती आहे ते बघावं तसा, आणि मग हा प्रश्न. मी कोकणात बोर्ली पंचतनला बरीच वर्षं कॉम्प्युटरचं दुकान चालवते. विक्री, दुरुस्ती, झेरॉक्स, पडेल ते काम. कार्ड घ्यायला येणारी पोरं विचारतात, गेम कुठला चालेल, मध्येच अडकेल का, आत रंगीत लाइट लागतात का. माणसं किती मावतील असं विचारणारं गिऱ्हाईक मला तेवढं एकच भेटलं.

पहिल्या वेळी मी सरळ हसले. "चाचा, हे कार्ड आहे, मिनीडोर नाही."

"मिनीडोरात तरी किती मावतात ते ड्रायव्हरला ठाऊक असतं," चाचा म्हणाले. "तू दुकानवाली. तुला ठाऊक नको?"

तुम्हालाही भेटली असतील अशी माणसं. आवाज चढवत नाहीत, पण आपला प्रश्न काही सोडत नाहीत. मग मीच त्यांना समजावून सांगितलं, की ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसलेला चित्र काढणारा गडी. त्याची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. ओटा जेवढा लांब तेवढी भांडी एका वेळी मांडता येतात. ओटा भरला की गड्याचे हात थांबतात आणि पडदा गोठतो. चाचांनी मान डोलावली. त्यांना ओटा कळला, भांडी कळली. मग पुन्हा म्हणाले, "म्हणजे माणसं किती?"

चाचा नकाशे काढायचे. उभी हयात आखातात एका कंपनीत नकाशे काढण्यात गेली, आणि तिथून सुट्टीवर यायचे तेव्हा गावातल्या लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे. आमच्या बोर्लीपासून मिनीडोरने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर त्यांचं गाव. त्या गावातली मोठी घरं तुम्ही रस्त्याने जाताना पाहिली असतील. दुमजली, गोल गॅलऱ्या, रंगीत काचा, पितळी अक्षरांची पाटी, आणि फाटकाला कुलूप. घरचे सगळे परदेशात. संध्याकाळी राखणदार येतो, बाहेरचा एक दिवा लावतो आणि जातो. त्यातली निम्मी घरं चाचांच्या हातची.

त्यांच्याबरोबर त्या आळीतून चालणं मला नको व्हायचं. वाय-फाय बसवायला मी एकदा त्यांच्या घरी गेले, तर नाक्यापासून घरापर्यंत ते प्रत्येक बंद फाटकासमोर क्षणभर थांबले आणि "सलाम वालेकुम" म्हणाले. आतून उत्तर येणार नव्हतं हे त्यांना माहीत होतं. तरी तेवढा वेळ थांबायचे, आणि मग पुढे निघायचे. एका फाटकापाशी म्हणाले, "हिथं जिन्याखाली आजीची खाट बसेल एवढी जागा सोडली व्हती. आजी आली न्हाय. खाट बी आली न्हाय."

आखातातून कायमचे परत आल्यावर चाचांनी ठरवलं, की घरांचे नकाशे आता कागदावर नाही, कॉम्प्युटरवर काढायचे. नुसती रेघ नाही. उभं घर दिसलं पाहिजे, त्यात ऊन पडलं पाहिजे, दारातून आत शिरता आलं पाहिजे. तयार मशीन घ्यायला ते राजी नव्हते. "घर तयार घेतात काय? बांधतात." म्हणून सुटे भाग मागवायचे आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जोडायचे असं ठरलं. टेबल मोठं होतं, सभोवार खुर्च्या होत्या, आणि वापरातली खुर्ची एकच होती. बाकीच्यांवर प्लॅस्टिकची आवरणं तशीच.

मदरबोर्ड, प्रोसेसर, सगळं मुकाट्याने झालं. अडलं ते कार्डावर. मी एखादं सुचवलं की चाचा त्याची लांबी-रुंदी विचारायचे, घरी जाऊन बिस्किटांच्या पुठ्ठ्यातून त्याच मापाचं कार्ड कापायचे, आणि ते कॅबिनेटमध्ये बसवून बघायचे. पंखेसुद्धा पुठ्ठ्याचे. मग मला फोन. "बाय, टोक हार्ड डिस्कला लागतंय. न्हाय बसत." दुसऱ्याला वीज जास्त लागत होती, म्हणजे पॉवर सप्लायच बदलायला हवा होता. त्यावर म्हणाले, "पाव्हणा खादाड हाय. चूल लहान पडेल." तिसरं बसत होतं, पण त्याला लाल-निळे लाइट होते. "हे मांडव आपल्या घरात नको." त्यांच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या कार्डांची चळत झाली होती. माझा नवरा ट्रक दुरुस्त करतो. तो म्हणाला, "एवढ्यात माझी गिऱ्हाइकं इंजिन उतरवून नवं चढवून घेतात."

शेवटी मधलं एक कार्ड ठरलं. वेग बरा, मेमरी बेताची. खारी हवा आत जाऊ नये म्हणून चाचांनी कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यावर मलमलीचा एक तुकडा ताणून बसवला. फिकट हिरवा, बारीक पांढऱ्या फुलांचा. मी जाळी आणून देते म्हटलं तर नको म्हणाले. "ही हवा गाळते. हिला सवय हाय."

मशीन सुरू झालं आणि मग मला कळलं, की माणसं मावायचं प्रकरण काय आहे.

घराचं चित्र दाखवताना त्यात दोन-चार माणसं ठेवायची पद्धत असते. त्याशिवाय दार केवढं, पायरी केवढी ते डोळ्यांना कळत नाही. ती माणसं प्रोग्रॅमबरोबर तयार मिळतात. कोटातला साहेब, कुत्रा घेऊन निघालेली मड्डम. चाचांनी ती सगळी काढून टाकली. "ही कुणाची कोण? आपल्या पडवीत कशाला आली?" त्यांच्या जागी त्यांनी त्या त्या घरातली माणसं आणली. आणि ती बहुतेक वारलेली असायची.

जुन्या लग्नांचे अल्बम ते लोकांकडून मागून आणायचे. आपण अल्बममध्ये तोंडं शोधतो, चाचा पाठी शोधायचे. कडेला कुणीतरी वळून पाण्याचा ग्लास घेतोय, कुणी चपला शोधायला वाकलंय, ते ते उचलायचे. त्यांची सगळी माणसं पाठमोरी असत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चेहरा घालणं आपलं काम न्हाय, बाय. चेहरा करनारा येगळा हाय. माझ्या बापानं शिकवलंय, ते मी पाळतो." दुसऱ्यांनी पाळावं असं त्यांनी कधी म्हटलं नाही. माझ्या मोबाइलवर माझ्या मुलीचे फोटो हौसेने बघायचे.

तुम्हाला वाटेल, पाठीवरून काय माणूस ओळखू येणार. मलाही वाटायचं. चाचांच्या शेजारी सुपारीची वाडी असलेले एक भाऊ राहतात. वादळात त्यांची वाडी आडवी झाली आणि घरावरचं छप्पर उडालं. नव्या घराचं चित्र चाचांनी माझ्या दुकानात लावून त्यांना दाखवलं. विहिरीपाशी एक माणूस उभा होता, एका पायावर भार, खांद्यावर टॉवेल. भाऊ बघत राहिले. मग बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी पाणी नेऊन दिलं. थोड्या वेळाने आत आले आणि खाकरून म्हणाले, "चाचा, आबांचा टॉवेल डाव्या खांद्यावर असायचा." चाचांनी तिथल्या तिथे टॉवेल डावीकडे घेतला.

सगळेच असे गहिवरायचे नाहीत. एक बाई पडद्यावर आपली सासू बघून भडकल्या. "जिती व्हती तवर चुलीपाशी उभं राहू दिलं न्हाय. आता नव्या किचनमधी पुन्ना कशाला आनलीत?" चाचांनी माफी मागून सासूबाई काढल्या आणि तिथे कोंबडी ठेवली.

माणसं वाढली की मशीन जड व्हायचं. सुपारीची झाडं, त्यांच्या सावल्या, वर माणसं. मग पडदा गोठायचा आणि चाचा झाडं कमी करायचे. माणूस त्यांनी आपणहून कधी कमी केला नाही.

आता त्यांच्या स्वतःच्या घराचं सांगते, कारण कॉम्प्युटर जोडला तो खरा त्यासाठी.

चाचांचा एकच मुलगा. तोही आखातात, बायकामुलांसह. चाची गेल्या तेव्हा त्याची कागदपत्रं कुठेतरी अडकली होती आणि तो येऊ शकला नाही. मयत थांबवता येत नाही. कुणीतरी फोन वर धरला आणि त्याने आईचा जनाजा छोट्या पडद्यावर जाताना पाहिला. त्यानंतर तो आलाच नाही. फोन करायचा, पण यायचा विषय निघाला की रजा नाही म्हणायचा. त्याचं एकच म्हणणं होतं. अब्बा, एकटे कशाला राहता, घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे या. चाचांना आळीतलं आणखी एक कुलूप व्हायचं नव्हतं. त्यांनी मुलाला सांगितलं, "मी घर नवं काढतो. तुला, पोरांना धरून. तू बघ. आवडलं तर येशील, न्हायतर मी कुलूप लावतो आनि येतो." बापलेकात एवढाच करार होता. घराचं काय होणार ते त्या चित्रावर येऊन ठेपलं होतं.

चाचांनी ते घर मन लावून काढलं. हॉल आणि पडवी होती त्याच जागी, मुलासाठी वरचा मजला, नातवंडांना समुद्राकडची खिडकी. पडवीच्या कडेला चाची. जेट्टीवर पुढे चालत असताना काढलेला त्यांचा एक फोटो होता, त्यातली पाठ. फिकट हिरवी ओढणी, एक खांदा जरा खाली. त्यांचं तोंड फाटकाकडे, पाठ घराकडे.

फाइल उघडली की नजर हॉलमधून सुरू व्हायची. मी दोनतीनदा सांगितलं, "चाचा, तुमचा कॅमेरा फार खाली आहे. उभ्या माणसाच्या डोळ्यांइतका वर घ्या, म्हणजे हॉल मोठा वाटेल."

"असू दे," चाचा म्हणायचे.

"आणि सगळ्यांना घरात घातलंत. तुम्ही कुठे आहात?"

"मी हाय की," ते म्हणायचे आणि दुसरं काहीतरी काढायचे.

मुलाला घर दाखवायचं ठरलं तेव्हा मी तिथेच होते. इंटरनेट धड चालावं म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. चाचांनी स्वच्छ सदरा घातला होता, डोक्यावर टोपी होती, जणू वधूपक्षाकडची माणसं यायची होती. व्हिडिओ कॉल लागला. चाचा बटणं दाबत घरातून फिरवत होते आणि तिकडे मुलगा आपल्या पडद्यावर बघत होता. हॉल आवडला. जिना आवडला. खिडकीतून समुद्र दिसला तेव्हा मागून एक लहान आवाज ओरडला, "ये हमारा रूम है?" चाचांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला अजून दिसतो.

मग ते पडवीत आले.

"अम्मी?" मुलाने विचारलं.

"व्हय," चाचा म्हणाले.

"अब्बा, जरा पुढं जा. अम्मीच्या पुढं."

चाचा थबकले. मला कारण माहीत होतं. त्यांची माणसं म्हणजे फोटोतून कापलेले सपाट तुकडे होते. असा तुकडा बाजूने बघितला तर कागदाच्या कडेसारखी नुसती रेघ दिसते. ते होऊ नये म्हणून प्रोग्रॅममध्ये सोय असते, बघणारा जाईल तसा तो तुकडा आपोआप त्याच्याकडे वळतो. पण चाचांच्या तुकड्यावर पाठच होती. आपण कुठूनही गेलो तरी पाठच वळून येणार.

"पुढं जा ना, अब्बा."

चाचा गेले. पायऱ्या उतरले, अंगणात आले, मागे वळले. चाचींची पाठ. जरा डावीकडून गेले. ती पाठ वळली. उजवीकडून गेले, पुन्हा वळली. अख्ख्या अंगणाला फेरी घातली आणि चाची सबंध वेळ त्यांच्याबरोबर फिरत राहिल्या, पाठ करूनच. मी रोज तार-वायरीत हात घालणारी बाई आहे, मला त्यातलं यंत्र माहीत आहे, तरी मला तिकडे बघवेना.

तिकडून मुलाचा आवाज आला. "अजून रागवलीय. मी आलो न्हाय म्हणून."

"न्हाय रे, ते मशीनचं..." चाचा सांगायला लागले, पण कॉल बंद झाला होता. परत लावला तर उचलला नाही.

मी चहा केला, तो निवून गेला. मी निघाले तेव्हा म्हणाले, "बाय, ती कधी रागवायची न्हाय. रागवली तर जेवायला जास्त वाढायची."

त्यानंतर ते दुकानात आले ते नवं कार्ड ठरवायला. या वेळी पुठ्ठा नव्हता, लांबीरुंदी नव्हती, लाइटचं नाव नव्हतं. खोका कानाशी नेला नाही.

"ह्यात एक मानूस मावला पायजे," म्हणाले. "एकच. पन पुरा."

सपाट तुकडा आता त्यांना नको होता. सगळ्या बाजूंनी भरलेली आकृती हवी होती, आपल्या जागी उभी राहील अशी, कुणी फेरी घातली तरी वळणार नाही अशी. मी म्हटलं, "चाचा, एका आकृतीसाठी एवढं मोठं कार्ड कशाला?" ते म्हणाले, "अंगाचं न्हाय गं. ओढनीचं." आणि ते खरं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन बघितलं. भिंती, जिना, छप्पर, सगळं मिळून मशीनला काही वाटत नव्हतं. पण मलमलीच्या चुण्या म्हणजे हजारो बारीक तुकडे, आणि त्यातली एकेक चुणी चाचांनी काढलेली. ओढणी आली की पडदा गोठायचा. सबंध घरापेक्षा ती एक ओढणी जड होती.

मी मिळेल तेवढ्या मेमरीचं कार्ड मागवलं. पॉवर सप्लाय बदलला, कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा कापला. कापताना चाचा म्हणाले, "भिंत पाडली म्हनायची." एवढाच त्या दिवसातला विनोद.

"पण चाचा, पुढून काय करणार?" मी विचारलं. "चेहरा तर काढायचा नाही."

"तेच बगतोय," ते म्हणाले. "कुठल्या कामात बाईचा चेहरा झाकतो?"

आम्ही दोघांनी विचार केला. मी म्हटलं, तांदूळ निवडताना मान खाली असते. ते म्हणाले, ती मान वर करून निवडायची, फाटकाकडे बघत, म्हणून भातात खडे यायचे. मी म्हटलं, ओढणी पुढे ओढलेली दाखवा. ते म्हणाले, पोराफुडं कोन ओढनी ओढतं? मी सुचवलेलं काहीच त्यांना पटलं नाही. मग महिनाभर ते दुकानात फिरकले नाहीत. शेजारचे भाऊ सांगायचे, दिवसभर टेबलाशी बसलेले असतात, नमाजाला तेवढे उठतात.

एकदा फोन आला. "बाय, सापडलं." आवाज इतका मोकळा होता, की मी काय सापडलं ते विचारलंही नाही. "शुक्रवारी ये. पोराला बोलावतो फोनवर. त्याला दाखवायच्या आधी तू बग."

त्या शुक्रवारच्या आधीच ते गेले. दुपारची नमाज पढून टेबलाशी बसले होते. भाऊ त्यांच्यासाठी शहाळं घेऊन गेले, तर चाचा खुर्चीत होते आणि पडदा चालू होता.

मुलगा या वेळी निघाला. जो रस्ता सापडेल त्याने आला. पण मी आधीच म्हटलं ना, मयत थांबवता येत नाही. तो पोहोचला तेव्हा दफन होऊन गेलं होतं. आईचं हुकलं होतं, बापाचंही हुकलं. उंच, डोक्यावर केस विरळ झालेला माणूस, बॅग हातातच धरून फाटकात उभा होता, आत यावं की नाही हे कुणीतरी सांगेल याची वाट बघत.

त्याने मला बोलावून घेतलं. अब्बांनी मशीन लावून ठेवलंय, मला सुरू करता येत नाही, म्हणाला. मी फाइल उघडली, माउस त्याच्या हातात दिला आणि कोणतं बटण दाबलं की पुढे जातं ते दाखवलं. मी बाजूला उभी राहिले. चाचांनी काय केलंय ते मलाही माहीत नव्हतं.

हॉलमधून तो पडवीत गेला. चाची पाठमोऱ्या बसल्या होत्या. तो जवळ गेला. तो डावीकडून गेला. चाची वळल्या नाहीत. तिथेच होत्या. आता खांदा दिसला, मग कानाशी आलेली ओढणी, मग कोपर. तो पायऱ्या उतरला आणि समोर आला.

दोन्ही हातांच्या ओंजळीत चेहरा होता. दुआ मागून झाली की हात तोंडावरून फिरवतात ना, त्यातला तो क्षण. बोटं कपाळाला टेकलेली, तळवे गालांवर. चेहरा कुठेच काढलेला नव्हता. आणि त्या बसल्या होत्या फाटकाकडे तोंड करून.

मी मुलाकडे बघितलं नाही, एवढी रीत मला कळते. मग त्याने विचारलं, "ओढणीचा हा कोपरा का कापलाय?"

खरंच, ओढणीचं एक टोक सरळ रेषेत कापलेलं होतं. चाचांनी समोर जी होती ती ओढणी माप घेऊन जशीच्या तशी काढली होती, कापलेल्या कोपऱ्यासकट. मी टेबलावरच्या कॅबिनेटकडे बोट केलं. पंख्यावर ताणलेला हिरवा तुकडा, पांढरी फुलं. पंखा चालू होता आणि तुकडा आत-बाहेर होत होता. मुलाने त्यावर तळहात ठेवला आणि मग त्याला रडू आलं. मलाही आलं. शेजारचे भाऊ दारात उभे होते, ते अंगणात निघून गेले.

सावरल्यावर तो सगळ्या घरातून फिरला. वर गेला, खाली आला, स्वयंपाकघरात बघितलं, विहिरीपाशी बघितलं. मला वाटलं, घर बघतोय. पण तो शोधत होता.

"अब्बा कुठं हायत?"

मीही हेच विचारलं होतं. चाचांचं उत्तर मला आठवलं, पण ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता एकदम कळलं. मी फाइल बंद करून पुन्हा उघडली. नजर हॉलमध्ये सुरू झाली, नेहमीसारखी खालून, उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा बरीच खाली. मी वळून खऱ्या हॉलमध्ये बघितलं. बरोबर तिथे, दाराकडे तोंड करून, चाचांची वेताची खुर्ची होती.

"आत्ता तुम्ही बघताय ना," मी म्हटलं, "ते त्या खुर्चीतून."

तो उठला आणि खऱ्या खुर्चीत जाऊन बसला. दार उघडं होतं. समोर पडवी होती, पडवीची कड रिकामी होती. तो बसून राहिला आणि मी हळूच निघून आले.

घर त्याने तोडलं नाही, विकलं नाही. येईनच असंही म्हणाला नाही, मुलांच्या शाळा आहेत, नोकरी आहे. जायच्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं. बंद घरात खाऱ्या हवेने मशीन सडेल, म्हणून ते माझ्या दुकानात ठेवलं. भाऊ आठवड्याला एकदा कुलूप काढून खिडक्या उघडतात. आत जाताना सलाम करतात. मी विचारलं तर म्हणाले, "सवय लावून गेलेत."

शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा चाचांच्या मुलाचा फोन येतो. "फिरवाल का जरा?" मी मशीन लावते, मोबाइल पडद्यासमोर उभा करते आणि त्याला फिरवते. खोली, खिडकी, जिना. मग पडवी, पायऱ्या, अंगण. चाचींच्या समोर आलं की मी बटणावरचा हात काढते आणि झेरॉक्सच्या मशीनकडे जाते, काम असो वा नसो.

"आता अब्बांच्या जागी सोडा," तो शेवटी म्हणतो.

मी नजर हॉलमध्ये आणून ठेवते, जरा खाली. त्या जागेवरून फाटक नीट दिसतं.